शाल-श्रीफळावरून झालेलं भांडण

बायकोची केमो सुरू झाली तेव्हापासून मी तिच्याशी भांडलो नव्हतो. हे वाचून कुणाला मी समजूतदार नवरा वाटलो असेन, तर तो गैरसमज आधीच दूर करतो. आमचं लग्न भांडणावर उभं आहे. काही घरं हप्त्यांवर उभी असतात, काही मुलांवर, आमचं भांडणावर. ते थांबलं तेव्हा घरात काय झालं, हे मला सांगायचंय.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. इतरांच्या घरी मासिकं येत, आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे येत, गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदावरचे. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. एका बाजूला लसावि, दुसऱ्या बाजूला जाहीर निषेध. त्यामुळे दिल्लीला यूपीएससीच्या अभ्यासाला आलो तेव्हा अभ्यासाआधी मी पत्रकच काढलं. विद्यार्थ्यांना कोंबडीच्या खुराड्यासारख्या खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांविरुद्ध होतं ते. मराठी मंडळाच्या गणपतीत फाटकाशी उभा राहून वाटत होतो. लोक घेत, दुमडत आणि प्रसादाखाली धरत. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी करणारी एक पुण्याची मुलगी मात्र बाजूला उभी राहून अख्खं पत्रक वाचत राहिली. मग परत आली आणि म्हणाली, "तिसऱ्या परिच्छेदातला दावा कशावरून?"

पत्रक वाटणाऱ्याला तिसरा परिच्छेद वाचणारं माणूस आयुष्यात क्वचितच भेटतं. आरती संपली, लोक पांगले, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले, तरी आमचं चाललंच होतं. पुढच्या वर्षी लग्न केलं. परीक्षा मागे पडली, मी एका छोट्या प्रकाशनात लागलो, आणि आम्ही मयूर विहारच्या एका सोसायटीत भाड्याने राहायला लागलो.

भांडायला विषय पुष्कळ होते. तिची कंपनी स्वतःला कुटुंब म्हणवते. मी म्हणायचो, कुटुंबात नोटीस पीरियड असतो का? ती म्हणायची, तुमच्या संघटनेच्या बैठकीत चहा कोण करायचं ते आधी सांग. मेट्रोत आम्ही बिनधास्त मराठीत भांडायचो, कारण आजूबाजूला कुणाला कळत नाही असं वाटायचं. एकदा राजीव चौकला उतरता उतरता पाठीवर सॅक लावलेला एक यूपीएससीवाला मला म्हणाला, "सर, वहिनींचं बरोबर आहे." ती पुढे महिनाभर त्या अनोळखी पोराचा दाखला देत होती.

मग तिच्या मानेजवळ गाठ आली.

लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, इलाज आहे, लांबेल, पण आहे. दर पंधरा दिवसांनी यायचं, डे-केअर वॉर्डात खुर्चीवर बसून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. परतताना कॅबमध्ये तिने विचारलं, आता काय? माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "लढायचं." घरात तोच शब्द ऐकत मोठा झालो होतो. तिने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "तू लढ. मी खुर्चीत बसून सलाईन घेईन."

एरवी यावर मी एक छोटं भाषण दिलं असतं. त्या दिवशी मी गप्प राहिलो, आणि मग गप्पच राहायला लागलो. तोंड उघडलं की मनात यायचं, आता बोललेला शब्द शेवटचा ठरला तर? चहात साखर जास्त पडली यावरून आपण करवादलो आणि तेच तिच्याशी शेवटचं बोलणं झालं तर? एकदा हा विचार डोक्यात शिरला की माणूस फार गोड बोलायला लागतो. मी तर इतका गोड झालो की माझा मलाच कंटाळा यायचा.

राग मात्र कुठे जाणार? तो बाहेर निघाला. पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडलो. उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरवाल्यांशी भांडलो. डे-केअरमध्ये पेशंटला खुर्ची होती, पण सोबतच्या माणसाने दिवसभर भिंतीला टेकून उभं राहायचं. मी निवेदन लिहिलं, हिंदीत, मागण्यांसकट, आणि वॉर्डभर फिरून नातेवाइकांच्या सह्या घेतल्या. हाताला सलाईन लावलेली माझी बायकोही सही करते म्हणाली. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात तिने लिहिलं, 'मीच रुग्ण. मागण्या करणारा नवरा.' काही आठवड्यांनी वॉर्डात निळी प्लास्टिकची स्टुलं आली. निवेदनामुळे आली की आपोआप, हे कुणी सांगितलं नाही. फोनवर वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, विजयसभा घ्या.

घरात मात्र मी निवेदन द्यायलाही तयार नव्हतो. ती जे म्हणेल ते कबूल.

आधी तिने एक हिंदी मालिका लावली. त्यात एक नागीण सासरच्या लोकांचा एकेक करून सूड घेते. अशा मालिकांवर मी पूर्वी लोकांना जेवणाच्या ताटावरून उठवून बोललोय. आता शेजारी बसलो आणि नागिणीच्या जाऊबाईबद्दल चौकशीही केली. बायकोने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

मग समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटींनी कुठल्याशा दर्ग्यातून एक आणि देवीच्या देवळातून एक, असे दोन धागे आणले, म्हणजे कुठल्याही बाजूने कमी पडायला नको. बायको मला म्हणाली, तूही बांध. माझ्या घरात लहानपणापासून कुणी धागा, ताईत, अंगठी घातलेली नाही. आंटी माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बेटा, विश्वास नहीं है तो भी बाँध ले. धागा है, साँप थोड़ी है." मी दोन्ही मनगटं पुढे केली. बायकोने पुन्हा निरखून पाहिलं.

त्यानंतर तिच्या ऑफिसातून फोन आला. तिच्या आजारावर छोटा व्हिडिओ करायचा होता, सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रेरणा मिळावी म्हणून. यावर तर मी पुस्तिका काढायला हवी होती. मी म्हटलं, "छान आहे की. तुला बरं वाटत असेल तर कर." तिने व्हिडिओ केला नाही. फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं औषधाने थकली असेल.

मी थकलोय हे मला दुधाच्या बूथवर कळलं. रोजची रांग, रोजचा माणूस. त्याने विचारलं, "कितना?" आणि मला उत्तरच देता येईना. घरात किती दूध लागतं, किती माणसं आहेत, आज ती चहा पिणार की वासाने मळमळणार, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी तिथेच, पिशवी हातात धरून, रडायला लागलो. मागच्या बाई म्हणाल्या, भैया, इनको पहले दे दो. त्याने दोन पिशव्या माझ्या हातात ठेवल्या. घरी येऊन मी दूध तापवलं आणि तिला हसून गुड मॉर्निंग म्हटलं. इतकं हसलो की ती म्हणाली, दात दुखतायत का?

दिवाळीनंतर हवा करडी झाली. सकाळी समोरची इमारत दिसायची नाही. तेव्हाच्या एका केमोनंतर आम्ही कॅबने घरी येत होतो. ती लोकरीची टोपी घालून, मास्क लावून कोपऱ्यात बसली होती. तोंडात खिळे धरल्यासारखी चव असते म्हणायची, म्हणून बोलायचीही कमी. यमुनेच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. ती अचानक म्हणाली की तिने ठरवलंय. केमो बंद करायची. हरिद्वारकडे एक बाबा आहेत, गव्हांकुराचा रस देतात, त्याने गाठी विरघळतात. आंटींच्या नणंदेच्या विरघळल्या. आपण तिकडेच जाऊन राहू.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "तुला बरं वाटत असेल तर... विचार करू."

तिने हात सोडवून घेतला. मास्क खाली ओढला.

"तू आत्ता काय म्हणालास?"

"विचार करू म्हणालो."

"मी उपचार सोडते म्हणाले, आणि तू विचार करणार? अरे, टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवायचे की बाहेर, यावरून तू माझ्याशी भांडून अख्खा रविवार घालवलायस."

मला तेव्हा उमगलं. नागीण, धागे, व्हिडिओ, आता हे बाबा. ती प्रत्येक वेळी माझ्यासमोर काहीतरी टाकून बघत होती, मी भडकतो का ते. आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावत होतो.

"तुला वाटतंय मी मरणार आहे," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. ते इतकं हळू म्हणालो की तिला तिचा पुरावाच मिळाला.

"हेच. हा आवाज. माझ्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज खाली येतो. आईचा येतो, ऑफिसचा येतो, आंटींचा येतो. एक तुझा वर असायचा. तू भांडणं थांबवलंस तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. रिपोर्ट आला तेव्हा नव्हती वाटली. भांड ना यार माझ्याशी."

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "मॅडम, कोई दिक्कत?" तिने मास्क वर केला आणि म्हणाली, "नहीं भैया, यही तो दिक्कत है." तो बिचारा उरलेल्या रस्त्यात एकदाही हॉर्न न वाजवता गेला. दिल्लीत असं घडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी भांडायचं ठरवलं. सकाळी पहिलाच घास घेऊन म्हणालो, "पोहे कोरडे झालेत." ती म्हणाली, "पोहे तूच केलेस." दुपारी तिच्या कंपनीवर घसरलो, पण नेमकं त्याच दिवशी कंपनीने तिची रजा वाढवून दिली होती. संध्याकाळी मी नागिणीवर हल्ला चढवला. दोन वाक्यं नीट झाली. तिसऱ्याला तिच्या हातावर नजर गेली. सुया टोचून टोचून शीर काळी पडली होती. माझा आवाज जिना उतरल्यासारखा खाली आला.

"याला भांडण म्हणत नाहीत," ती म्हणाली. "तालीम म्हणतात. आणि नट वाईट आहे."

असे काही आठवडे गेले. सासूबाई पुण्याहून आल्या, तूप ठेवून गेल्या. मी रोज तालीम करत होतो आणि रोज नापास होत होतो. ठरवून प्रेम करता येतं असं लोक सांगतात, असेलही. ठरवून भांडता येत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

जानेवारीच्या सुरुवातीला मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची बायको घरी आले. आम्ही त्यांना काका-काकूच म्हणतो. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दिल्लीतल्या मराठी माणसाने संक्रांतीच्या सुमारास पानिपतला जाऊन काला अंबच्या युद्धस्मारकाला डोकं टेकलं नाही, तर त्याला ते फितूर समजतात. दरवर्षी बस काढतात, आणि दरवर्षी बसमध्ये तीच लढाई नव्याने सांगतात. माझी बायको त्या बसमध्ये नेहमी असायची, आणि नंतर मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाचं निवेदन तीच करायची. या वर्षी बसचा प्रश्नच नव्हता. निवेदनाचं तिने विचारलं, तर काका म्हणाले, छे छे, तू नुसती बसायचंस. मंडळाने तुझा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ आणि मानपत्र.

काकांचा आवाज खाली गेला होता. पानिपतचा आवाज दारापर्यंत आला होता आणि सोफ्यावर बसताना उतरला होता.

सत्कार या प्रकाराबद्दल आमच्या घरात एकच मत होतं. वडिलांचा एकदा ठरला होता. ते म्हणाले, सत्कार झालेला माणूस पुढच्या सभेत उठून बोलत नाही, आणि गेलेच नाहीत. मी तोंड उघडलं. बायको माझ्याकडे बघत होती, एक भुवई वर करून. तिची भुवईही विरळ झाली होती. मी म्हणालो, "वा. छान."

ती काकूंकडे वळली आणि म्हणाली, "मी घेणार सत्कार. शाल चांगली आणा हं, पातळ नको." मग उठून आत गेली आणि दार जोरात लावलं. काका मला हळूच म्हणाले, "भावुक झाली पोर."

कार्यक्रम काकांच्या सोसायटीच्या लॉनवर, भर दुपारी होता. दिल्लीच्या जानेवारीत दुपारचं ऊन ही चैन असते, सगळे त्यात पाठ शेकत बसतात. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. उघड्यावर आहे, मास्क लाव, गर्दीत घुसू नको, लोकांपासून लांब खुर्ची घे. तिने काळी साडी नेसली आणि टोपी घातलीच नाही. डोकं उन्हात चकचकत होतं. सतरंजीवरून एका छोट्या मुलीने विचारलं, "दीदी, तुमचे बाल कुठे गेले?" ती म्हणाली, "सुट्टीवर." मुलीला ते पटलं. मुलीच्या आईला तिळाची वडी घशाखाली जाईना.

काका माइकवर उभे राहिले. सुरुवात त्यांनी पानिपतपासून केली. थंडी, उपासमार, यमुनेला आलेलं पाणी, आणि तरीही न हटलेला मराठी माणूस. मग हात बायकोच्या दिशेने केला. म्हणाले की तोच वारसा, तेच रक्त, आपली ही लेक आज कर्करोगाशी तसाच रणसंग्राम करते आहे. "हे तिचं चौथं पानिपत आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला.

बायकोला माइक लागला नाही. "काका," ती खुर्चीवरूनच म्हणाली, "तिसऱ्यात आपण हरलो होतो."

मागच्या रांगेत कुणालातरी हसू फुटलं. काकाही हसले, पण गोंधळले. पण शौर्य, ते म्हणाले, शौर्य गं. काकूंनी पुढे होऊन चटकन शाल पांघरली, नारळ मांडीवर ठेवला. मानपत्र वाचून झालं. त्यात 'रणरागिणी' शब्द दोनदा होता. आणि मग मराठी कार्यक्रमात जे होतंच ते झालं. मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मी फोनवर लिहून आणले होते. गोड, सौम्य, आभाराचे शब्द. माइक हातात घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. ती शालीत गुरफटून, नारळावर कोपर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून बसली होती. ऑफिसच्या लांबलेल्या मीटिंगमध्ये तिचा जो चेहरा होतो, तोच होता. पुढे काय येणार हे माहीत असलेला. मी फोन खिशात टाकला.

"मला हा सत्कार मान्य नाही," मी म्हणालो.

काका माझ्या दिशेने अर्धे उठले. मी थांबलो नाही. म्हणालो, ही रणरागिणी वगैरे काही नाही. हिला आजार झाला, त्यावर औषध आहे, ते घ्यायला ही जाते. औषध लागू पडतंय, हे आपलं नशीब आणि डॉक्टरांचं ज्ञान. यात शौर्य कुठे आलं? आमच्या समोरच्या खुर्चीवर एक बाई यायच्या. विणकाम करायच्या. गेल्या दोन खेपांना आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत ते आम्ही सिस्टरना विचारलं नाही. त्या काय कमी शूर होत्या? जगलेल्याला शूर म्हणताना गेलेल्याला तुम्ही काय म्हणता, याचा विचार करा. आणि शूरच म्हणायचं असेल, तर सगळ्या वॉर्डाला शाली वाटा.

ती बाई आठवली तसा माझा आवाज चढत गेला. फार दिवसांनी चढत होता.

बायको उठली. एका हातात नारळ, दुसरा हात पुढे. माझ्याकडून माइक घेतला, घेतला म्हणजे ओढला.

"सत्कार कुणाचा आहे?"

"तुझा."

"तुला कुणी विचारलं मान्य आहे का?"

"दोन शब्द बोलायला बोलावलं."

"हे दोन होते?" लोक हसले. ती नाही हसली. "मुद्दा तुझा बरोबर आहे. त्या बाईंचा. मला रोज आठवतात त्या. पण शूर म्हणून मी ही शाल घेतच नाहीये. मी दमलेय म्हणून घेतेय. दमलेल्या माणसाला कुणी काही पांघरलं, तर त्याने त्यावर चर्चासत्र घ्यायचं का? आणि रिपोर्ट आला त्या दिवशी गाडीत 'लढायचं' कोण म्हणालं? काका नव्हते गाडीत."

मी खरं तेच बोललो. "मी घाबरलो होतो."

"मग काकाही घाबरलेत. ही सगळीच घाबरलीत. माझ्याशी काय बोलायचं कळत नाही म्हणून बिचाऱ्यांनी वर्गणी काढून शाल आणली. घाबरलेल्या माणसांना तू भाषण देतोस?"

"शाल द्यावी. देताना पानिपत कशाला? गप्प बसून देता येत नाही?"

"मराठी माणूस गप्प बसून शाल देतो? कुठे बघितलंस?"

आता लॉनच पेटलं. मागचे एक आजोबा म्हणाले, जावयांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. अध्यक्ष म्हणाले, यात पानिपतचा अपमान झालाय. काकू चक्क माझ्या बाजूच्या निघाल्या. त्यांच्या बहिणीला हाच आजार होता आणि ती वाचली नव्हती, आणि वर्षानुवर्षं लोक त्यांना ती लढण्यात कमी पडली असं ऐकवत आले होते. हे काकांच्या देखत त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि काका मटकन खुर्चीत बसले. मग दोघं आपसात बोलत राहिली. बायको काकूंना काहीतरी समजावायला गेली, तर काकू वळून तिला म्हणाल्या, "तू गप गं जरा. कायम तुझंच खरं. नवऱ्याला बोलू देत नाहीस, मला तरी बोलू दे."

चढ्या आवाजात. खेकसल्याच.

मी बायकोकडे पाहिलं. पगारवाढीची बातमी आली तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. ती "सॉरी काकू" म्हणाली आणि लगेच, "पण माझं खरंच आहे ना," असं पुढे जोडलं.

ई-रिक्षातून घरी जातानाही आमचं चालूच होतं. सत्कारावरून आम्ही पुढच्या केमोवर आलो. ती म्हणाली, कॅबचा वैताग आलाय, मेट्रोने जाऊ. मी म्हणालो, नाही. नुसतं नाही, मोठ्याने नाही. रक्तातल्या पेशींचे काउंट खाली आहेत, सकाळच्या ब्ल्यू लाइनला माणूस माणसाच्या तोंडात खोकतो. ती म्हणाली, लेडीज डब्यात जागा असते, तुला काय माहीत. मी म्हणालो, मग तू एका डब्यात आणि मी एका, हे काय पेशंटला नेणं झालं? ती म्हणाली, मी काय पार्सल आहे का, न्यायला? शाल तिने घडी न करता खुर्चीवर टाकली आणि आत गेली. मला त्यातल्या एकाही वाक्याचा पश्चात्ताप झाला नाही. माझा मुद्दा बरोबर होता आणि अजूनही आहे.

अबोला केमोच्या दिवसापर्यंत टिकला. कामापुरतं बोलत होतो, तेही आडून. डबा भरलाय. फाइल टेबलावर आहे. शेवटी कॅबच ठरली, पण ती एका खिडकीशी आणि मी दुसऱ्या.

वॉर्डात केरळच्या सिस्टर होत्या. पहिल्या दिवसापासून त्यांनीच सुई लावली होती. त्यांनी बायकोचा हात उलटसुलट करून चांगली शीर शोधली, मग तिच्याकडे पाहिलं, मग स्टुलावर तोंड फिरवून बसलेल्या माझ्याकडे. "आज इतनी शांति? झगड़ा हुआ क्या?"

"हाँ सिस्टर," बायको म्हणाली. "बहुत बड़ा." आणि खुर्चीत सरसावून बसली. लॉन, नारळ, पानिपत, सगळं तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. तिसऱ्याच वाक्यात तिने माझा मुद्दा अर्धा कापला. मी म्हणालो, एक मिनट, मैंने ऐसा नहीं बोला था. ती म्हणाली, बिल्कुल बोला था, पचास लोगों ने सुना. शेजारच्या खुर्चीवरचे सरदारजी चष्मा काढून ऐकायला लागले.

सिस्टर म्हणाल्या, दोघं एक मिनिट गप्प बसा, मला टोचायचंय. आम्ही गप्प बसलो. सुई आत गेली, चिकटपट्टी लागली, थेंब पडायला लागला. मग सिस्टरनी हातमोजे काढले, दुसरं स्टूल ओढून घेतलं आणि बायकोला म्हणाल्या, "हाँ, अब बोलो. फिर इसने क्या कहा?"